बुधीबाईचा वाटा

नवशीकडे काही उरलं की ते ज्याचं त्याला परत जातं. आमच्या वाडीत ती चिकू निवडायला येते त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील, आणि या सवयीने तिने मला अनेकदा वैताग आणलाय. पाटी बांधायला सुतळी दिली तर उरलेला वीतभर तुकडा दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर. गुडघे दुखतात म्हणून तेलाची बाटली दिली, तर तळाशी राहिलेलं बोटभर तेल बाटलीसकट हजर. एकदा मी चिडून म्हटलं, अगं ठेव की तुला, मी काय त्यात दिवा लावणार आहे? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला चोरी करायला सांगत होते. तिच्या पाड्यात लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी टोप, पराती, चटया घरोघर परत पोचतात, आणि मग लोकांना नवरा-नवरीकडे बघायला सवड होते. त्याच वळणाची ही बाई.

आमचे तात्या, म्हणजे माझे यजमान, तिला ‘परतावा’ म्हणतात. परतावा आली का, परताव्याला चहा दे. तिला हे नाव आवडतं, सरकारी वाटतं म्हणे. तात्यांनी कुणाला काही परत केल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे त्यांना अप्रूप वाटणं साहजिक आहे.

ही सवय नसती तर नवशी आज नसती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण शेवटापर्यंत पोचल्यावर माझा आवाज नीट राहील याची खात्री नाही.

वाडीत नवशी चिकू निवडते, पण सायवनच्या बाजूला तिच्या पाड्यात ती धवळेरी आहे. आमच्या लग्नाला भटजी लागतो, तशी वारल्यांच्या लग्नाला धवळेरी लागते. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यापुढे ती बसते आणि गाण्यातून एकेका देवाला आवतण देते. हिरवा, हिमाई, धरतरी, वाघदेव. देव आले की लग्न लागलं. ती बसली की घरचा माणूस तिच्यापुढे पेला ठेवतो, मोहाच्या दारूने भरलेला. त्यातला थेंब जमिनीवर, बाकीचा धवळेरीच्या पोटात. पेला रिकामा दिसला की पुन्हा भरायचा, कारण धवळेरीचा पेला कोरडा राहिला तर त्या घराबद्दल पुढची चार वर्षं बोललं जातं. नवशीला स्वतःला दारूची फारशी हौस नव्हती. एरवी ती शिवायचीही नाही. पण लग्नाच्या दिवसांत ती कामावर असायची आणि काम तिने कधी अंगचोरपणे केलं नाही.

आता दुसरी गोष्ट. नवशीला एचआयव्ही आहे. मी हे कुजबुजत सांगत नाही, कारण ती स्वतः कुजबुजत नाही. तिचा नवरा, काळ्या, तलासरीहून ट्रकवर क्लीनर म्हणून जायचा. तो गेला तेव्हा तिची तपासणी झाली, आणि तेव्हापासून ती सरकारी दवाखान्यातली गोळी घेते, रोज संध्याकाळी एक. एखाद्या राखणीच्या कुत्र्याला भाकरी टाकावी तशी ती गोळी टाकते आणि म्हणते, गप पड आता. तो आजार तिच्याकडे खरंच गप पडून राहिला. तिच्याबद्दल लिहू का असं मी विचारलं, तेव्हा तिने थोडा विचार केला आणि एकच अट घातली.

“आजार लिही. गाणं नको लिहू. आजार माझा हाय, गाणं माझं नाय.”

म्हणून तुम्हाला इथे गाण्याचे शब्द मिळणार नाहीत. रागावायचं असेल तर तिच्यावर रागवा.

त्या वर्षी महालक्ष्मीची जत्रा उरकली आणि नवशी वाडीवर आली ती पाय ओढतच. चिकूच्या ढिगापुढे बसली आणि पिकलेल्यात कच्चे टाकायला लागली. हे म्हणजे एखाद्या सोनाराने पितळ सोन्यात टाकण्यासारखं होतं. मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळे पिवळेजर्द. मी म्हटलं, नवशे, कावीळ आहे. ती म्हणाली, हळदीच्या घरून आलेय, उडाली असेल थोडी.

आमच्या भागात कावीळ झाली की सगळेच डॉक्टर होतात. तात्यांनी उसाच्या रसाचा आग्रह धरला आणि रस आणायला गेले ते स्वतः दोन ग्लास पिऊन आले. शेजारच्या हिराबाईंनी एका गावाचं नाव सांगितलं, तिथे नाकात थेंब टाकतात. आणि नवशीच्या पाड्यातल्या तुक्या भगताने तर आधीच उपचार सुरू केला होता. त्याने तिच्या गळ्यात काड्यांची माळ घातली होती. माळ सैल होत खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असं त्याचं म्हणणं. चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, तेव्हा त्याने साऱ्या पाड्याला ते पाणी दाखवलं होतं. माळ पोटापर्यंत आली, डोळे होते तसेच. तुक्या म्हणाला, माळ गुडघ्याला लागू दे. मी म्हटलं, तोवर बाई मातीला लागेल, आणि तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात संगिता मॅडम भेटल्या. गोळ्या घेणाऱ्यांना समजावून सांगायचं, धीर द्यायचा, हे त्यांचं काम. मुलगी तिशीतली, पण नवशीला तिच्याबद्दल फार आदर, कारण ती नवशीला आजी न म्हणता नवशीताई म्हणते. मॅडमनी पहिलंच विचारलं, गोळ्या रोज घेता ना? नवशीने ठामपणे मान हलवली. रोज. मग तिने कमरेची चंची सोडली, त्यातून एक चुन्याची डबी काढली, टोपण उघडलं आणि डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली. आत गोळ्याच गोळ्या होत्या.

“ह्या उरल्यात,” नवशी म्हणाली. “सरकारच्या हायेत, परत घ्या.”

मॅडम डबीकडे बघत राहिल्या. मी नवशीकडे बघत राहिले. नवशी आमच्या दोघींकडे शाबासकीसाठी बघत होती. एवढा मन लावून उपचार घेणारा रोगी त्या टेबलापुढे कधी बसला नसेल, अशी तिची समजूत होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाच्या दिवसांत पेला घ्यावा लागतो. गोळी सरकारी, चांगली, डॉक्टरांनी हातात दिलेली. तिच्यावर दारू ओतायची म्हणजे औषधाचा अपमान. शिवाय दोन्ही पोटात भांडणार. म्हणून लग्नाचा मांडव पडला की ती गोळी थांबवायची, आणि मांडव निघाला की पुन्हा सुरू करायची. मांडवातले दिवस तिने गोळीच्या दिवसांत धरलेच नव्हते, म्हणून ‘रोज’ हे तिचं उत्तर तिच्या हिशेबाने अगदी खरं होतं. त्या वर्षी मुहूर्त दाट होते. एक मांडव निघायच्या आत दुसरा पडत होता.

डॉक्टर आले, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. मला त्यातलं जे कळलं ते असं. नवशीच्या अंगात एचआयव्हीबरोबर काविळीचा एक विषाणूही पूर्वीपासून राहत होता, हिपॅटायटिस बी त्याचं नाव. ती रोज घेते ती एकच गोळी दोघांनाही दाबून ठेवत होती. गोळी थांबली की पहिल्याला मोकळीक मिळाली आणि दुसरा उठून थेट लिव्हरवर बसला. त्याच दिवसांत वरून दारू. मॅडमनी तिला समजावलं, की गोळी आणि दारू पोटात भांडत नाहीत, नुकसान दारू करते आणि गोळी चुकल्याने ते वाढतं. एखाद्या दिवशी दारू पोटात गेलीच तरी गोळी चुकवायची नाही.

नवशीचा चेहरा उजळला. म्हणजे दोन्ही चालतं, असं ती म्हणाली.

डॉक्टर तरुण होते पण पटकन सावध झाले. गोळी चालते, दारू चालत नाही, एक थेंबसुद्धा नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. लिव्हर निबर व्हायला लागलंय. निबर हा शब्द नवशीला बरोबर कळला, कारण निबर भेंडीचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं. अजून सावरेल, डॉक्टर म्हणाले, पण दारू चालू राहिली तर एक दिवस पोटात पाणी होईल.

पोटात पाणी म्हटल्यावर नवशीने पोटावर हात ठेवला. घरी येताना रिक्षातही तो हात तिथेच होता. मला वाटलं, घाबरली. मी नेहमीप्रमाणे काहीबाही बडबडत राहिले. आमची वाडी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, बुधीबाईच्या पोटात पाणी झालं होतं.

बुधीबाई म्हणजे तिची मावशी. तिनेच नवशीला गाणं दिलं. शिकवलं म्हणत नाहीत, दिलं म्हणतात. तीही मोठी धवळेरी, तिला दूरदूरच्या पाड्यांवर बोलवायचे. शेवटी तिचे हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट रांजणासारखं फुगलं. कुणीतरी करणी केली असं सगळ्यांनी ठरवलं. कुणी केली यावर वाद झाले, दोन घरांचं बोलणं बंद झालं, कोंबडा कापला, आणि बुधीबाई गेली. करणी केल्याचा आळ ज्या बाईवर होता, तिच्याशी नवशी तेव्हापासून बोलली नव्हती.

“कुणीच नव्हतं केलं, बाय,” नवशी म्हणाली. “पेल्याने केलं.”

दुसऱ्या दिवशी ती आधी त्या बाईच्या दारात गेली आणि तिथे बसून चहा पिऊन आली. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पावसाळाभर नवशी नेमाने गोळी घेत राहिली. डोळे निवळले, भूक लागायला लागली, आणि चिकू निवडताना ती पुन्हा माझ्या चुका काढायला लागली, तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. तुक्या भगताने माळ गुडघ्यापर्यंत पोचल्याचं जाहीर करून सगळं श्रेय घेतलं. नवशीने त्याला ते घेऊ दिलं. मला राग आला. ती म्हणाली, त्याची माळ त्याला परत केली, श्रेयही त्याच्यातच गुंडाळून दिलं.

पण लग्नाचे दिवस जवळ आले तशी ती कावरीबावरी झाली. तिच्या लेकीची मुलगी जयश्री, तिचं लग्न ठरलं होतं. नातीच्या लग्नात आजीच धवळेरी, यात दुसरा विचार नव्हता. आणि नवशी म्हणाली, मी गाणार नाही. कारण विचारलं तर सरळ होतं: पेल्याशिवाय ती कधी गायलीच नव्हती. पहिल्या लग्नापासून पुढ्यात पेला आणि पोटात पेला. गळा सुटतो तो पेल्याने, देव उतरतात ते पेल्याने, अशी तिची खात्री होती. तुक्याने त्यात भर घातली, की धवळेरीने पेला तोंडाला लावला नाही तर लग्न अर्धंच लागतं. मी तुक्याला विचारलं, उरलेल्या अर्ध्या लग्नाचं नवरा-नवरीने काय करायचं? तो म्हणाला, ही चेष्टेची गोष्ट नाही. मीही चेष्टा करत नव्हते. मला तुक्याच्या डोक्यात परात घालावीशी वाटत होती.

मग आम्ही सगळ्यांनी तोडगे काढले. तात्या म्हणाले, पेल्यात नारळपाणी ओता, कुणाला कळतंय. मी त्यांना सांगितलं की अशा युक्त्या तुम्ही माझ्यावर करता, देवावर करू नका. माझा तोडगा जास्त शहाणपणाचा होता, पहाटेची ताजी नीरा. नवशीने दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाली, पेल्यात काय हाय ते कुणाला कळो ना कळो, मना कळंल. मी कोड्यात पडले. दारू पिणं नको, फसवणं नको, गाणं सोडणं नको. या बाईला हवं तरी काय होतं?

तिला गाणं हवं होतं. तिला जगायचंही होतं. आणि या दोन्हींच्या मध्ये तो पेला बसला होता. दुसऱ्या पाड्यातली धवळेरी बोलावू असं तिची लेक म्हणाली, तेव्हा नवशी उठून माझ्या न्हाणीघरामागे गेली आणि रडून आली. मला ते सहन झालं नाही. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, काळ्या गेला तेव्हाही नाही.

शेवटी जयश्रीने निकाल लावला. ती वसईला नोकरी करते, तिचं बोलणं तुकडा पाडणारं. तिने सांगितलं, आजी गाणार नसेल तर मांडवच नको, मी आणि तो जाऊन सही करून येतो, एका दुपारीत होतं. सहीने लग्न, आणि एकाही देवाला आवतण नाही, हे ऐकून नवशीची झोप उडाली. ती म्हणाली, गाते. पेला रीतीप्रमाणे भरलेला राहील. मी तो तोंडाला लावणार नाही. गळा सुटला तर सुटला.

मी लग्नाला गेले ती पाहुणी म्हणून नाही, पहारेकरी म्हणून. नवशीच्या समोर जागा धरून बसले. ठरवलं होतं, तिचा हात पेल्याकडे गेला की मी खोकायचं. तात्या म्हणाले, मला खुणव, मीच येऊन पेला रिकामा करतो. त्यांना मी दूरच्या चटईवर बसवलं.

सकाळीच चौक लिहून झाला होता. नवशी पुढ्यात बसली. घरच्याने पेला भरला, तिने बोट बुडवून एक थेंब जमिनीवर टाकला आणि पेला बाजूला ठेवला. तुक्या त्या पेल्याकडे अशा आशेने बघत होता, की मला त्याचीच दया आली. तिने गायला सुरुवात केली. आवाज फाटका, घसरणारा. पहिल्या देवाला आवतण देताना ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा तिचा उजवा हात आपोआप पेल्याकडे निघाला आणि मध्येच वळून पदर सारखा करायला लागला. मी एवढी खोकले की माझ्यासाठी कुणीतरी पाणी आणलं.

मग कधीतरी गळा सुटला. तो पेल्याने सुटत नव्हता, गाऊन गाऊन सुटत होता, एवढंच. एकेक देव येत गेले. हिरवा आला, हिमाई आली. ओळखीचे देव संपले तरी गाणं संपेना. ज्यांची नावं तरुण पोरांनी ऐकलीच नव्हती असे देव यायला लागले. डोंगरातले, पाण्यातले, खळ्यातले. सनई-ढोलवाले एकमेकांकडे बघायला लागले. भात निवायला लागला. नवऱ्याचा मामा उठून विचारून गेला, की अजून किती देव राहिलेत. भिंतीवरच्या चौकात लिहिलेल्या पालघट देवीशिवाय तिथे भूक न लागलेलं कुणी उरलं नव्हतं.

हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं तिसऱ्या-चौथ्या देवापाशी दुसरा पेला, पुढे तिसरा, आणि मग नवशी जिथून आठवेल तिथून पुढे जायची. अर्धे देव वाटेतच गळायचे. पाड्याला वाटायचं, गाणं एवढंच आहे. शुद्धीवरचं गाणं इतकं लांब असतं हे कुणाला माहीतच नव्हतं. खळ्यातल्या कणसरीचं, म्हणजे धान्याच्या देवीचं, नाव आलं, तेव्हा माझ्या शेजारची एक म्हातारी पुटपुटली, की हिला आवतणच जात नव्हतं आणि आपण मेले भाताला नावं ठेवत होतो. तुक्या पेला विसरून ऐकत होता. त्याने हे लहानपणी ऐकलं होतं, बुधीबाईच्या तोंडून.

शेवटचा देव आला तेव्हा उन्हं कलली होती. नवशी थांबली. मला वाटलं, झालं. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात तिने पेला उचलला.

मला खोकता आलं नाही. पेला काठोकाठ भरलेला, तसाच, सकाळपासून कुणी तोंड न लावलेला. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, काहीतरी आठवून बघत असल्यासारखे. मग ती पुन्हा गायला लागली, अगदी हळू आवाजात. हे देव नव्हते. ही बायकांची नावं होती. हे गाणं जिने जिने गायलं तिचं तिचं नाव, जुनी कुठली कुठली, आणि दर नावाला ती पेला तिरपा करून थोडी दारू जमिनीवर ओतत होती. बुधीबाईच्या गाण्याचं हे शेपूट होतं. तिथवर नवशी कधी शुद्धीत पोचली नव्हती, आणि चुकून पोचली असती तरी पेल्यात ओतायला काही उरलेलं नसायचं.

सगळी नावं झाली. शेवटचं राहिलं, ते घेताना तिचा आवाज मोडला. तिने पेला पूर्ण उलटा केला.

“घे मावशे,” ती म्हणाली, गाण्यात नाही, साध्या बोलण्यात. “तुझा वाटा इतकी वर्षं माझ्याकडेच राहिला होता.”

मी रडत होते, आणि दूरच्या चटईवर तात्याही डोळे पुसत होते, ते दारूसाठी होतं की बुधीबाईसाठी हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. संध्याकाळ झाली होती. हळदीने माखलेल्या जयश्रीने उठून आजीला पाणी दिलं, नवशीने चंचीतून गोळी काढली, तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. मग तिने तो रिकामा पेला पदराने पुसला आणि विचारलं, हा कोणाच्या घरचा आहे.